पंचतंत्री बास गिटार

विद्युत् बास गिटार या मंद्र स्वरांच्या तंतुवाद्याचा पाच तारांचा प्रकार. नेहमीच्या बास गिटारला खालून वर ई, ए, डी व जी अशा चार तारा असतात. पंचतंत्री वाद्यात प्रायः ई तारेच्याही खाली बी स्वराची आणखी एक जाड तार बसविलेली असते. क्वचित खालच्या तारेऐवजी जी तारेच्या वर सी स्वराची बारीक तार योजतात. रॉक, सोल, गॉस्पेल, जॅझमिश्रित संगीत व चित्रपटसंगीत या लोकप्रिय संगीतप्रकारांत हे वाद्य १९८० नंतर रूढ झाले. खालच्या तारेमुळे वाद्याच्या कक्षेत फक्त पाच अर्धस्वरांची भर पडते. तथापि भारतीय पुरुष गायकांच्या षड्जाच्या नेहमीच्या पट्ट्या नेमक्या याच पाच अर्धस्वरांत येतात. त्यामुळे अमेरिकेत निराळ्या कारणांनी निर्माण झालेल्या या वाद्याला भारतीय सुगम व चित्रपटसंगीतात स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले आहे.

रचना व ध्वनी : वाद्याचे अंग भरीव लाकडाचे असून दांडीवर धातूचे पडदे असतात. तारांची कंपने घोडीजवळच्या चुंबकीय ग्राहकाने विद्युत् स्पंदांत रूपांतरित होतात आणि ध्वनिवर्धकाद्वारे ऐकू येतात. भरीव अंगामुळे ध्वनिवर्धकाशिवाय वाद्याचा आवाज जेमतेम वादकालाच ऐकू येतो. आड ते घोडी हे अंतर सामान्यतः ३४ इंच (सु. ८६.४ सेंमी.) असते, अनेक पंचतंत्री वाद्यांत ते ३५ इंच (सु. ८८.९ सेंमी.) ठेवतात. खुल्या तारांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) पुढीलप्रमाणे असते : बी ३०.८७, ई ४१.२०, ए ५५.००, डी ७३.४२ व जी ९८.०० हर्ट्‌झ. शेजारच्या कोणत्याही दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा असल्याने पंचतंत्री बास गिटार जवळजवळ पियानोच्या तळापर्यंत पोहोचते, असे म्हणता येईल.

तारेची कंप्रता तिची लांबी, ताण व वजन यांवर कशी अवलंबून असते, याचा नियम मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) या फ्रेंच विद्वानाने मांडला. त्या नियमानुसार लांबी व ताण कायम ठेवून ई तारेखाली बी स्वर मिळवावयाचा झाल्यास तारेचे दर सेंमी. वजन सु. १.७८ पट करावे लागते. ई तार साधारणतः २.५ ते २.७ मिमी. जाडीची असते, तर बी तार ३.२ ते ३.४ मिमी. जाडीची वापरतात. ही जाडी हिशेबाने येणाऱ्या जाडीपेक्षा किंचित कमी असल्यामुळे बी तार थोडी सैल राहते. ती पोकळ व अस्पष्ट वाजते, ही वादकांची जुनी तक्रार यातूनच उद्‌भवली. दांडी लांब करणे, ती अधिक ताठ करणे व पोलादी गाभ्याभोवतीचे वेटोळे सुधारणे हे उपाय त्यावर योजण्यात आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅफाइटमिश्रित ताठ दांड्या प्रचारात आल्या व खालच्या तारेच्या नादात स्पष्टता येण्यास त्यांचे साहाय्य झाले.

या तारेच्या खुल्या स्वराची ध्वनितरंगलांबी हवेत सु. ११ मी. भरते. मनुष्याचा कान एवढ्या खालच्या स्वरांना फारसा तीक्ष्ण नाही. १,००० हर्ट्‌झचा अत्यंत क्षीण ध्वनी ऐकू येतो, परंतु ३१.५ हर्ट्‌झचा ध्वनी केवळ ऐकू येण्यासाठीच सु. ६० डेसिबेल पातळी लागते. असे असूनही छोट्या ध्वनिक्षेपकावर बी तारेचा स्वर ओळखता येतो. कारण मूळ स्वर नाहीसा झाला, तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर शिल्लक राहतात व त्यांवरून कान मूळ स्वराची कल्पना करतो. खर्जाचा स्वर अशा प्रकारे अंशतः कानाने व अंशतः अनुमानाने ऐकला जातो.

पूर्वेतिहास : मंद्र तंतुवाद्याला पाचवी तार लावण्याची कल्पना विद्युत् वाद्यांहून बरीच जुनी आहे. अठराव्या शतकात व्हिएन्ना येथे पडदे असलेले पाच तारांचे डबल बास प्रचारात होते. कार्ल डिटर्स फोन डिटर्सडॉर्फ (१७३९–९९) व योहान बाप्टिस्ट व्हानहाल (१७३९–१८१३) या संगीतकारांनी त्यासाठी स्वतंत्र रचना केल्या. पुढे चार तारांचे डबल बास सर्वत्र रूढ झाले. एकोणिसाव्या शतकातील वाद्यवृंदरचनांत चेलोचा सर्वांत खालचा सी स्वर एक सप्तक खाली वाजविण्याची गरज वारंवार भासू लागली; पण चार तारांचा डबल बास ई स्वराशीच थांबत असे. १८८० मध्ये लाइपसिक येथे कार्ल ओटो याने खालच्या पाचव्या तारेचा डबल बास तयार केला. जर्मन वाद्यवृंदांत हा प्रकार टिकून राहिला. ई स्वराखालचा प्रदेश मोकळा व्हावा, ही मागणी अशा रीतीने अभिजात वाद्यवृंदात प्रथम उत्पन्न झाली व लोकप्रिय संगीतात ती सु. शंभर वर्षांनी पोहोचली.

विद्युत् बास गिटार : डबल बास हे वाद्य अवजड व नेण्या-आणण्यास गैरसोयीचे होते. पितळी वाद्ये, ड्रम व विद्युत् गिटार यांच्यापुढे त्याचा आवाजही दबत असे. अमेरिकेतील सिॲटल येथील पॉल टटमार्क (१८९६–१९७२) याने १९३० च्या दशकात पडद्यांची, आडवी धरून वाजविण्याची विद्युत् बास तयार केली. परंतु तिचा प्रसार झाला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लीओ फेंडर (१९०९–९१) याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य विक्रीस आणले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून त्यास हे नाव देण्यात आले. १९६० मध्ये त्याने ‘जॅझ बास’ हा दुसरा नमुना काढला. या दोन नमुन्यांनी चार तारा, ३४ इंच लांबी व ई-ए-डी-जी हा मेळ ही प्रमाणे घालून दिली आणि पुढील दोन दशके ती जवळजवळ अबाधित राहिली. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमरसन व जॅझमिश्रित संगीतातील जॅको पास्टोरियस (१९५१–८७) यांनी चार तारांवरच या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. पाचव्या तारेचा पुरस्कार करणाऱ्यांना या दोघांचे उदाहरण नेहमीच अडचणीचे ठरले आहे.

पाचवी तार : फेंडरने १९६५ मध्ये ‘बास फाइव्ह’ हे पाच तारांचे वाद्य काढले. त्याची पाचवी तार मात्र वरच्या सी स्वराची होती. वरचे स्वर या तारेवर मिळत असल्यामुळे दांडीवर केवळ पंधरा पडदे ठेवण्यात आले. हात फार न हलवता वरचे स्वर वाजविता यावेत, हा त्यामागील हेतू होता. वादकांना वरच्या स्वरांची उणीव भासत नव्हती व पडदे कमी केल्याने कक्षेतही विशेष भर पडली नाही. १९७० मध्ये हे उत्पादन थांबविण्यात आले.

खालच्या तारेचा विचार कारागिरांऐवजी वादकांनी पुढे आणला. न्यूयॉर्कमधील अँथनी जॅक्सन याच्या सांगण्यावरून कार्ल टॉम्प्सन या कारागिराने १९७५ मध्ये खाली बी व वर सी अशा दोन जादा तारा असलेली सहा तारांची बास तयार केली. त्याच सुमारास जिमी जॉन्सन या वादकाने अलेम्बिक या कॅलिफोर्नियातील संस्थेकडून पाच तारांचे वाद्य करवून घेतले आणि त्यावर वरच्या सी तारेऐवजी खालची बी तार चढविली. या तारेसाठी खास जाड तार तयार करून घ्यावी लागली. १९७६ मधील हे वाद्य आजच्या पंचतंत्री बास गिटारचे आद्य रूप मानले जाते. जॉन्सनचे वडील मिनेसोटा वाद्यवृंदात डबल बास वाजवीत असत. डबल बासच्या खालच्या पाचव्या तारेची परंपरा त्याला घरातूनच परिचित असणे स्वाभाविक होते.

पंचतंत्री वाद्याचा प्रसार होण्यास खरी चालना मिळाली ती एका प्रतिस्पर्धी वाद्यामुळे. १९७० मध्ये आलेल्या ‘मिनीमूग’ या सिंथेसायझरवर ई स्वराच्या खालचे स्वर सहज काढता येत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फंक व डिस्को संगीतातील काही गाण्यांचा खर्ज कीबोर्डवर वाजविला जाऊ लागला. ‘थ्रिलर’ (१९८२) या मायकेल जॅक्सनच्या गीतसंग्रहातील शीर्षकगीताचा खर्जही सिंथेसायझरचा आहे. १९८३ मध्ये यामाहाचा ‘डीएक्स ७’ बाजारात आल्यानंतर ही वाद्ये तुलनेने स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाली. ध्वनिमुद्रणात कीबोर्डने वाजविलेली खर्जाची ओळ रंगमंचावर तशीच वाजवा, असे सांगितले गेल्यास चार तारांच्या वादकाला तिचा काही भाग वरच्या सप्तकात न्यावा लागे. ही उणीव भरून काढली नाही, तर काम कीबोर्डवादकाकडे जाणार, हे उघड होते. यामाहाची ‘बीबी ५०००’ (१९८४) व म्यूझिक मॅनची ‘स्टिंगरे ५’ (१९८७) ही कारखान्यात तयार झालेली वाद्ये या परिस्थितीत निघाली व पंचतंत्री बास हौशी वादकांच्याही आटोक्यात आली. १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने २० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर साठविण्याची सोय केली. लाखेच्या व नंतरच्या व्हिनिल तबकड्यांवर जोरकस खर्जासाठी खाचा रुंद कराव्या लागत व त्यामुळे तबकडीचा वादनकाल घटत असे; ती अडचण यामुळे संपली.

पुढील काळात नेथन ईस्ट यांसारख्या ध्वनिमुद्रणगृहातील वादकांनी पाच तारांचे वाद्य नित्याचे केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीतात त्याचा विशेष प्रसार झाला. १९९४ मध्ये ‘कॉर्न’ या रॉक वाद्यवृंदाच्या पहिल्या संग्रहापासून सात तारांच्या गिटारच्या जोडीने पाच तारांची बास आणखी एक स्वर उतरवून, म्हणजे खालच्या ए स्वरापासून वाजविण्याची पद्धत रूढ झाली. हा स्वर पियानोच्या तळाचा होय.

वादनतंत्र : पाचव्या तारेमुळे दांडी रुंद होते व लहान हाताच्या वादकास ती पेलणे कठीण जाते. न वाजविलेल्या तारा सहकंपनाने झंकारू नयेत म्हणून त्या सतत दाबून ठेवाव्या लागतात. खालची तार सर्वाधिक वेळ निनादत राहत असल्याने उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकविण्याची सवय वादकास लावून घ्यावी लागते. दुसरा लाभ प्रायः दुर्लक्षित राहतो : ई, एफ, जी हे स्वर बी तारेवर अनुक्रमे पाचव्या, सहाव्या व आठव्या पडद्यावर मिळतात. त्यामुळे हात दांडीच्या मध्यभागी ठेवूनच दोन सप्तकांची कक्षा हाताळता येते व एका पट्टीत बसविलेले बोटांचे आकृतिबंध दुसऱ्या पट्टीत जसेच्या तसे नेता येतात. ज्यांना खालचा एखादाच स्वर हवा असतो ते चार तारांच्या वाद्यावर ई तार डीपर्यंत उतरवितात. त्यासाठी खुंटीला जोडावयाची कळही मिळते. मात्र उतरविलेल्या तारेवर सर्व स्वरस्थाने बदलतात.

भारतीय संगीतातील खर्ज : खर्ज हा शब्द षड्जाचे रूप असून मराठीत तो मंद्र सप्तकातील षड्जासाठी व पुढे एकूणच खालच्या, गंभीर आवाजासाठी वापरला जातो. तंबोऱ्याच्या चार तारा सामान्यतः पंचम, दोन जोडीचे षड्ज व खर्ज अशा मिळवितात. खर्जाची तार पितळेची असते. पाच तारांचे तंबोरेही वापरात आहेत. सूरबहार हे सतारीचे मंद्र रूप होय. सतारीच्या बाबतीत खालच्या तारांसंबंधी दोन परस्परविरुद्ध मते आढळतात. रविशंकर (१९२०–२०१२) यांच्या वादनपरंपरेत खर्ज व मंद्र पंचमाच्या जाड तारा राखल्या गेल्या, तर विलायत खाँ (१९२८–२००४) यांनी गायकी अंगाच्या वादनासाठी त्या काढून टाकल्या. कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी मूळच्या जोडतारांच्या मँडोलिनऐवजी पाच एकेरी तारांचे विद्युत् मँडोलिन स्वीकारले. गमकयुक्त वादनासाठी व खालच्या सप्तकासाठी त्याचा उपयोग झाला. वाद्याची कक्षा खाली वाढवावी किंवा नाही, हा प्रश्न भारतीय वादकांना अपरिचित नव्हता, हे यावरून दिसून येते.

तथापि रागसंगीतात खर्ज स्थिर असतो. तो आधार देतो, चालत नाही. तालवाद्यांपैकी डग्गा मंद्र प्रदेशात घुमतो व त्यावरील दाबाने स्वर खालीवर होतो. परंतु तो धुनेचा भाग नसतो. गाण्याबरोबर पावले टाकीत जाणारी खर्जाची स्वतंत्र ओळ भारतीय लोकप्रिय संगीतात पाश्चात्त्य वाद्यवृंदामार्फत आली.

मुंबईतील चित्रपटसंगीत : गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले अनेक वादक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत आले. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद व नंतर चित्रपटांची ध्वनिमुद्रणे ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या वाद्यवृंदरचनाकारांनी हिंदी चित्रपटगीतांना स्वरसंवादाची बैठक दिली. तीत खर्जाचे काम प्रथम डबल बासकडे होते. १९६० च्या दशकापासून विद्युत् बास गिटारने हे स्थान हळूहळू घेतले. राहुल देव बर्मन (१९३९–९४) यांच्या संगीतात तालाइतकेच महत्त्व खर्जाच्या ओळीला आहे. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे बास गिटार वाजवीत. चरणजीत सिंग हेही बास गिटार व विद्युत् कीबोर्ड वाजविणारे या काळातील एक वादक होते. १९८२ मध्ये त्यांनी रागांवर आधारित एक डिस्को संग्रह ध्वनिमुद्रित केला. त्यात त्यांनी जपानी रोलँड कंपनीचे ‘टीबी ३०३’ हे १९८१ मध्ये निघालेले यंत्र वापरले. बास गिटारवादकाच्या अभावी खर्जाची ओळ आपोआप वाजत राहावी, यासाठी ते यंत्र बनविण्यात आले होते. बासवादकाची जागा घेऊ पाहणारे यंत्र एका बासवादकाच्याच हाती आले व त्याने त्याचा अगदी निराळा उपयोग केला, हे उल्लेखनीय आहे.

१९९१ च्या उदारीकरणापूर्वी परदेशी विद्युत् वाद्ये भारतात दुर्मिळ व महाग होती. परदेशातून येणाऱ्या परिचितांकडून किंवा मुंबईतील मोजक्या वाद्यविक्रेत्यांकडून ती मिळवावी लागत. त्यानंतर पूर्व आशियात तयार होणारी पंचतंत्री वाद्ये बाजारात आली. याच सुमारास ‘रोजा’ (१९९२) या तमिळ चित्रपटापासून ए. आर. रहमान यांची कीबोर्ड व संगणक यांवर आधारित ध्वनिरचना देशभर पोहोचली. अमेरिकेत १९८० च्या दशकात घडलेली कीबोर्ड व बास गिटार यांची स्पर्धा भारतात या काळात घडली. रहमान यांच्याकडे कीथ पीटर्स यांच्यासारखे बासवादकही वाजवीत राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वरपट्टी व पाचवी तार : पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गिटारच्या सोयीमुळे ई, ए, डी, जी या पट्ट्यांना प्राधान्य मिळते. भारतीय सुगम व चित्रपटसंगीतात पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरते. हार्मोनियमच्या भाषेत पुरुष गायकांचा षड्ज प्रायः पांढरी एक (सी), काळी एक (सीच्या वरचा अर्धस्वर), पांढरी दोन (डी) किंवा काळी दोन येथे असतो. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर पांढरी तीन (ई) हा आहे. म्हणजे वरील चारही पट्ट्यांत वाद्याच्या तळाशी षड्ज मिळतच नाही.

काळी एकचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होते. चार तारांवरील या पट्टीतला सर्वांत खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर, ६९.३ हर्ट्‌झवर मिळतो. पुरुषांच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची कंप्रताही याच पट्टीत तेवढीच असते. त्याच्या खाली जाताना वादकाला पंचम, मध्यम व शुद्ध गंधार मिळतात, कोमल गंधारावर दांडी संपते आणि ऋषभ व षड्ज बाहेर राहतात. खाली उतरणारी ओळ षड्जावर विसावण्याऐवजी मध्येच उलटून वर न्यावी लागते. पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर हा षड्ज ३४.६५ हर्ट्‌झवर, तंबोऱ्याच्या खर्जाखाली बरोबर एक सप्तक मिळतो. पांढरी एक, पांढरी दोन व काळी दोन यांचे षड्ज त्याच तारेच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या पडद्यावर येतात.

स्त्रियांच्या पट्ट्यांत षड्ज बहुधा काळी चार किंवा काळी पाच येथे असल्याने तो चार तारांवरही खाली मिळतो. पण काळी चारमध्ये त्याखालील पंचम व मध्यम पाचव्या तारेवरच येतात. कॉर्डच्या चलनात षड्जाखालोखाल याच दोन स्वरांवर खर्ज वारंवार येत असतो. षड्ज पांढरी तीन येथे असल्यास खुली ई तार षड्ज व खुली बी तार तिच्याखालचा पंचम देते. तंबोऱ्याची पंचम-षड्जाची जोडी मंद्रातिमंद्र प्रदेशात मिळाल्यासारखे हे होते. चार तारांच्या वादकाला गाण्याची पट्टी बदलल्यावर ओळीचा आकार बदलावा लागतो. पाच तारांवर आकार राखून ओळ सरकविता येते. गायकाने वादकाच्या सोयीसाठी पट्टी बदलावी, की वाद्याने गायकाच्या पट्टीला जुळवून घ्यावे, या प्रश्नाला पाचवी तार गायकाच्या बाजूने उत्तर देते. एकाच कार्यक्रमात अनेक गायक-गायिकांबरोबर वाजवावे लागणाऱ्या भारतीय वादकाला तिचा उपयोग यामुळेच अधिक होतो.

ठाणे जिल्ह्यातील लोकप्रिय संगीत : मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील खर्ज लहान गावांच्या मंडपांत कोणत्या रूपात पोहोचला, याचे उदाहरण म्हणून ठाणे जिल्ह्यातील बदलापूर परिसर घेता येईल. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर मुंबईपासून ६८ किमी. वर असलेले बदलापूर मूळचे उल्हास नदीकाठचे गाव आहे. जुने बदलापूर गाव व रेल्वे स्थानकालगतचे कुळगाव यांच्या नावाने कुळगाव-बदलापूर नगरपरिषद ओळखली जाते. अंबरनाथ व उल्हासनगर ही शहरे याच मार्गावर आहेत. गणेशोत्सव, नवरात्र, जत्रा आणि लग्नाआधीचा हळदीचा कार्यक्रम हे येथील लोकप्रिय संगीताचे मुख्य प्रसंग होत. आगरी-कोळी गीते व चित्रपटगीते यांचा त्यांत मोठा वाटा असतो.

या प्रसंगी वाजणाऱ्या ‘बेंजो पार्टी’तील मुख्य वाद्य अमेरिकेतील पाच तारांचे बँजो नसून बुलबुलतरंगाचे विद्युत् रूप असते. बुलबुलतरंगाचे मूळ जपानमध्ये १९१२ मध्ये नागोया येथील मोरिता गोरो याने बनविलेल्या ताइशोगोतो या कळांच्या तंतुवाद्यात आहे. मुंबईतील बेंजोवादकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला आहे. या वाद्याचा स्वर उंच व तीक्ष्ण असल्याने खालची बाजू ढोल सांभाळतो. ढोलाचा नाद खोल असला, तरी त्यास निश्चित स्वर नसतो. स्वराचा खर्ज पथकात कीबोर्ड आल्यावर मिळाला. कीबोर्डच्या डाव्या भागावर बास गिटारचा आवाज लावून वादक एका हाताने धून व दुसऱ्याने खर्ज वाजवितो. बैठ्या ऑर्केस्ट्रात स्वतंत्र बास गिटारवादक असतो. परंतु बिदागी ठरलेली व वाटेकरी अनेक असल्याने माणूस कमी करण्याची वेळ आली, की ज्याचे काम दुसऱ्याच्या डाव्या हाताकडे सोपविता येते तोच प्रथम वगळला जाण्याचा संभव असतो. तारेवर बोट सरकवून काढलेली मींड, तार दाबून छाटलेला स्वर व ढोलकीच्या ठेक्याशी क्षणोक्षणी जुळवून घेणे या गोष्टी कळांवर साधत नाहीत. पाचव्या तारेमुळे कक्षेची उणीव दूर झाली, की या गुणांवर वादकाचा हक्क टिकून राहतो. या अर्थाने पाचवी तार वादकाच्या उपजीविकेशीही निगडित आहे.

ध्वनिक्षेपण : मंडपातील जुने कर्णे काही शे हर्ट्‌झखालील स्वर नीट देऊ शकत नसत. त्यामुळे चित्रपटगीतांचा खर्ज गावोगावी बराच काळ उपस्वरांच्या रूपानेच ऐकला गेला. १९९० नंतर मोठे खर्जक्षेपक प्रचारात आले. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) हा बर्मन यांचे संगीत असलेला चित्रपट डॉल्बी ध्वनीसह प्रदर्शित झाला. चित्रपटगृहातील या तंत्राचे नाव पुढे महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना मिळाले व ‘डॉल्बी’ हे सामान्यनाम बनले. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. तिचे मोजमाप ‘ए’ भारांकनाने केले जाते. हे भारांकन कानाच्या संवेदनेस अनुसरून असून त्यात ३१.५ हर्ट्‌झच्या ध्वनीची पातळी सु. ३९ डेसिबेलने व ६३ हर्ट्‌झच्या ध्वनीची सु. २६ डेसिबेलने कमी धरली जाते. खालचे स्वर लांब तरंगांचे असल्यामुळे भिंतींनी फारसे अडत नाहीत. खिडक्या हादरविणारा खर्ज मोजमापात त्याच्या प्रत्यक्ष जोरापेक्षा बराच कमी भरतो, याचे कारण हे आहे. हा प्रश्न मुख्यतः यंत्रनिर्मित खर्जाचा असला, तरी पंचतंत्री बासही त्याच प्रदेशात वाजते. ध्वनिवर्धनाचा विवेक तिच्या वादकालाही पाळावा लागतो.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात भारतीय वादकांनी पाच तारांवर एकलवादनही विकसित केले. मुंबईतील मोहिनी डे (जन्म १९९६) यांनी रहमान व तालवादक रणजित बारोट यांच्यासमवेत वादन केले. बोल उच्चारून ते तितक्याच द्रुतगतीने तारांवर वाजविणे हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असून त्यासाठी त्या प्रायः पंचतंत्री वाद्य वापरतात. शिकण्याचा आरंभ मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही चार तारांवरच होतो व रॉक संगीतातील अनेक नामवंत वादक चारच तारा पुरेशा मानतात. चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत आणि ध्वनिमुद्रणात पट्टी आयत्या वेळी बदलण्याचा संभव असल्याने तेथे पाच तारांच्या वाद्याकडे कल दिसून येतो. सहा व त्यांहून अधिक तारांची वाद्येही तयार होतात. परंतु त्यांचा वापर मुख्यतः एकलवादनापुरता मर्यादित आहे.